डेन्व्हर सोडायचंय, बर्फ सोडायचा नाहीये: बोर्डिंगसाठी कमी गर्दीचा डोंगर सुचवा

घसरगुंडी_पुणेकर

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही तिघं डेन्व्हरच्या नैऋत्येला राहतो, साडेसहा वर्षं झाली. मी मूळचा कोथरूडचा, बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्नोबोर्डवर उभा राहिलो, पहिल्याच दिवशी मनगट मोडलं आणि प्लॅस्टर निघाल्या निघाल्या परत गेलो, त्यामुळे वेड किती आहे ते समजा. बायको स्कीवाली, मी बोर्डवाला, घरात कायमचा पंथभेद. मुलगी सात वर्षांची, ती अजून कुठल्या पंथात जायचं ते ठरवतीये.

प्रॉब्लेम डोंगराचा नाहीये, रस्त्याचा आहे. ज्यांना आय-७० माहीत नाही त्यांच्यासाठी: डेन्व्हरहून बहुतेक मोठ्या रिसॉर्ट्सना जायला हा एकच हायवे, त्यात अकरा हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगदा, आणि शनिवारी सकाळी अख्खं शहर त्या बोगद्यात शिरायला बघतं. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको, फक्त इथे भजी मिळत नाहीत. पहाटे सव्वाचारचा अलार्म, पाचला गाडी बाहेर, तरी आयडाहो स्प्रिंग्जच्या पुढे ब्रेकलाइट्सची माळ. परतीला बोगद्यापासून घरापर्यंत साडेतीन तास लागलेत, जॉर्जटाउनजवळ पोरीला गाडीत उलटी झाली आणि बायको शांतपणे म्हणाली, मी आता परत येणार नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या सीझनला मी वहीत लिहून ठेवलं. १९ दिवस गेलो. गाडीत ८६ तास. एका रिसॉर्टवर (नाव नको) पावडरच्या (ताज्या भुसभुशीत बर्फाच्या) दिवशी एका लिफ्टला ५० मिनिटं उभा होतो, घड्याळ लावून.

तर आता घर हलवायचा विचार आहे. कंपनी अमेरिकेत कुठेही राहा म्हणते. एच-वन-बी (कामाचा व्हिसा) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय. जॅक्सन, अ‍ॅस्पेन असलं काही परवडणार नाही. शाळा बरी हवी, विमानतळ हवा कारण आईबाबा दर वर्षी चार-पाच महिने येतात (बाबांना बीपी आहे, ब्रेकनरिजला साडेनऊ हजार फुटांवर रात्री जे डोकं धरून बसले ते अजून ऐकवतात). इंडियन ग्रोसरी तासाभरात मिळावी. आणि डोंगर असा हवा की शनिवारी आठला उठून साडेनऊला लिफ्टवर.

डोक्यात आहेत: सॉल्ट लेक किंवा ऑग्डेन (युटा), बॉइझी (आयडाहो), बोझमन (मोंटाना), स्पोकॅन (वॉशिंग्टन), व्हाइटफिश (मोंटाना). कॅनडाही चालेल पण त्यातलं काही कळत नाही. जे तिकडे राहतात त्यांनी खरं खरं सांगा, जाहिरात नको.

---

वाळवंटी_मावळा

सॉल्ट लेकला नऊ वर्षं झाली, सँडीला राहतो, घराच्या गॅलरीतून लिटल कॉटनवुड कॅन्यनचं तोंड दिसतं. अंतराच्या बाबतीत आमच्यासारखं सुख कुठे नाही, विमानतळावरून अल्टाला (त्या कॅन्यनमधलं स्की रिसॉर्ट) मोकळ्या रस्त्याला पाऊण तास. मोकळ्या रस्त्याला हे शब्द नीट वाचा.

बर्फ पडला की कॅन्यनचा रस्ता म्हणजे लाल दिव्यांचा साप, लोक त्याला खरंच रेड स्नेक म्हणतात. त्या एका रस्त्यावर साठच्या वर हिमस्खलनाच्या वाटा उतरतात, त्यामुळे सकाळी स्फोट करून बर्फ पाडेपर्यंत रस्ता बंद. वर अडकलात तर इंटरलॉज लागतो, म्हणजे इमारतीच्या बाहेर पाय टाकायचा नाही, कायद्याने बंदी. मी एकदा वर एका लॉजच्या जिन्यात २६ तास काढलेत, अनोळखी लोकांबरोबर पत्ते खेळत. आता सांगायला मजा येते.

आणि तू बोर्डवाला आहेस हे विसरू नको. अल्टावर बोर्डला बंदी आहे. डिअर व्हॅलीवर पण. अख्ख्या अमेरिकेत अशी तीनच ठिकाणं उरलीत आणि त्यातली दोन माझ्या घराजवळ (तिसरं व्हरमाँटला मॅड रिव्हर ग्लेन). न्यू मेक्सिकोच्या टाओसने पण २००८ मध्ये बंदी उठवली, पण आमचे लोक हलत नाहीत. म्हणजे लिटल कॉटनवुडमध्ये तुला उरलं फक्त स्नोबर्ड. शेजारच्या बिग कॉटनवुडमधलं ब्रायटन मात्र बोर्डवाल्यांचं माहेर, सपाट पट्टे कमी, रात्री दिवे लावून चालू असतं. मी तिथेच मंगळवारी रात्री जातो, शनिवारी घरी झोपतो.

ऑग्डेन जरा बरं. स्नोबेसिनला २००२ च्या ऑलिंपिकची डाउनहिल स्की शर्यत झाली होती, डोंगर मोठा, लाइनी कमी. पावडर माउंटन नावाला भुलू नको, बोर्डवर सपाट भाग खूप लागतो, सारखं एक पाय सोडून ढकलत बसावं लागतं, आणि अलीकडे तिथल्या काही लिफ्ट फक्त तिथे घर घेणाऱ्यांसाठी राखून ठेवल्यात.

जानेवारीतलं इन्व्हर्जन हा वेगळाच विषय आहे. थंड हवा खोऱ्यात झाकण लावल्यासारखी अडकते आणि धूर आत कोंडतो. माझ्या मुलीला इनहेलर लागला. २०३४ ला परत ऑलिंपिक आहे इथे, म्हणजे गर्दी कमी व्हायची आशा सोडा.

---

बटाटेवडा_आयडाहो

बॉइझीकडून नमस्कार. माझं ऐकशील तर बाकी यादी फाड.

आता जाहिरात नको म्हणालास म्हणून वाईट आधी सांगतो. बोगस बेसिन (नाव खरंच असंच आहे, हसून घ्या) हा काही जगातला भारी डोंगर नाही. माथा साडेसात हजार फुटांच्या आसपास, बर्फ तुमच्या कोलोरॅडोसारखा भुसभुशीत कोरडा दर वेळी नसतो, आणि वाईट वर्षी डिसेंबरअखेरपर्यंत गवताची टोकं दिसतात. इन्व्हर्जन आमच्याकडेही आहे. उन्हाळ्यात ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येतो, कधी आठवडाभर खिडक्या बंद. २०२० नंतर घरांच्या किमती इतक्या चढल्या की जुने लोक कॅलिफोर्नियाची नंबरप्लेट दिसली तरी तोंड वाकडं करतात, कोलोरॅडोची दिसली तर निदान हसतात तरी.

आता चांगलं. माझ्या गॅरेजपासून बोगसच्या पार्किंगपर्यंत १६ मैल, पाऊण तास, रस्ता असा वळणांचा की वरंध घाट आठवतो, पोरांना मागच्या सीटवर पुस्तक देऊ नका. हा डोंगर नॉन-प्रॉफिट आहे, म्हणजे कुठल्या शेअरहोल्डरला पैसे द्यायचे नाहीत, आलेला पैसा लिफ्ट आणि दिव्यांवर. १९९८ साली यांनी सीझन पास एकदम १९९ डॉलरला काढला आणि लोक अक्षरशः तुटून पडले, आजचे सगळे मोठमोठे स्वस्त पास त्याच कल्पनेची नातवंडं आहेत असं इथले जुने लोक छाती फुगवून सांगतात. आणि रात्रीचं बोर्डिंग! मी बुधवारी साडेचारला लॅपटॉप मिटतो, सहाला लिफ्टवर असतो, नऊला घरी येऊन वरणभात. खाली शहरावर धुक्याची गोधडी आणि आपण वर चांदण्यात, त्या इन्व्हर्जनचा एवढाच काय तो फायदा. माझे वर्षाला ४० च्या वर दिवस होतात आणि त्यातले ३० तर असे दोन-दोन तासांचे तुकडे आहेत, पण ८६ तास गाडीत बसून १९ दिवस करण्यापेक्षा हे बरं की नाही तूच सांग.

मोठा डोंगर हवा झाला तर मॅकॉलजवळचं ब्रंडेज, अडीच तास, तिथली झाडांमधली पावडर दुपारी दोनला पण शिल्लक असते कारण बोगसवाले आळशी, वर जात नाहीत. हायवे ५५ मात्र नदीकाठचा, अरुंद, बर्फात जपून. सन व्हॅली तीन तास, १९३६ ला जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथे बसली, एकदा बघून यायचं, रोज जायला ते श्रीमंतांचं.

मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथेच असल्यामुळे देशी लोक पुष्कळ, ग्रोसरी आहे, गणपतीला आमच्या घरी गेल्या वर्षी ४५ माणसं होती आणि उकडीचे मोदक कमी पडले. आईबाबांना उंचीचा त्रास नाही, शहर २७०० फुटांवर आहे.

---

कागदपत्र_काका

डोंगराचं मला कळत नाही, गुडघे गेले. पण घसरगुंडी, तू एक गोष्ट फार सहज लिहिलीस: कंपनी कुठेही राहा म्हणते. बाळा, कंपनी म्हणते, यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) म्हणत नाही.

एच-वन-बी ज्या भागासाठी फाइल झालंय त्याच्या बाहेर घर हलवलं आणि घरूनच काम करणार असशील तर नवीन ठिकाणचा एलसीए (कामगार खात्याकडचा अर्ज) आणि अमेंडेड पिटिशन (व्हिसाचा सुधारित अर्ज) लागतं, आणि ते हलण्याच्या आधी फाइल व्हायला हवं, नंतर नाही. नवीन गावाचं प्रिव्हेलिंग वेज (त्या कामाला त्या भागात द्यावा लागणारा पगार) वेगळं असतं, ते पण बघावं लागतं. दुसरं, तुझं पर्म (ग्रीन कार्डच्या आधीची कामगार खात्याची मंजुरी) ज्या ठिकाणच्या नोकरीसाठी झालंय ते ठिकाण बदललं तर ग्रीन कार्डसाठी पर्म नव्याने करायची वेळ येऊ शकते. आय-१४० मंजूर आहे म्हणून प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा) साधारणपणे हातातून जात नाही, ते नशीब, पण वेळ आणि वकिलाची फी जाते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने आधी ट्रक भाड्याने घेतला आणि मग एचआरला ईमेल केली. पुढचे सहा महिने त्याला झोप नव्हती.

आधी कंपनीच्या वकिलाला विचार, मग बर्फ. कॅनडाबद्दल: तिथे अमेरिकन कंपनीचा पगार तसाच चालू राहील असं गृहीत धरू नको, कंपनीला तिकडे पेरोल करावं लागतं आणि पगार कॅनेडियन डॉलरमध्ये, बहुतेक वेळा कमी.

---

निशिगंधा_स्पोकॅन

घसरगुंडी, तुमच्यापेक्षा मला तुमच्या बायकोशी बोलायचंय, म्हणून तिला हा प्रतिसाद दाखवा.

आम्ही स्पोकॅनला २०१७ ला आलो, नवऱ्याच्या हट्टापायी. डोंगरांच्या बाबतीत त्याचं बरोबर निघालं हे मी मोठ्या मनाने मान्य करते. दीड-पावणेदोन तासांच्या आत पाच जागा आहेत: माउंट स्पोकॅन (तास सुद्धा नाही, हा पण नॉन-प्रॉफिट आणि स्टेट पार्कमध्ये), फोर्टी-नाइन डिग्रीज नॉर्थ, केलॉगचं सिल्व्हर माउंटन, आयडाहो-मोंटाना सीमेवरचं लुकआउट पास आणि सँडपॉइंटचं श्वाइट्झर. सिल्व्हरला तर गावातूनच गोंडोलात बसायचं, तीन मैलांचा आहे, माझ्या सासूबाई स्की न करता नुसत्या बसून वर जाऊन कॉफी पिऊन आल्या आणि पंढरपूरला जाऊन आल्यासारख्या खूश होत्या. लुकआउट छोटं, पण मोंटानाच्या सीमेवर असल्यामुळे ढग तिथे आपटतात आणि बर्फ इतर ठिकाणांपेक्षा जास्त. शनिवारी गर्दी म्हणजे लिफ्टला सात-आठ मिनिटं, आणि इथले लोक त्यालाही कुरकुर करतात.

श्वाइट्झर सगळ्यात मोठं, २९०० एकर, वरून पेंड ओरेल तलाव दिसतो आणि दिसला की खरंच पाय थांबतात. दिसला की असं म्हणतेय कारण निम्मे दिवस धुकं. ते २०२३ ला अल्टेरा या बड्या रिसॉर्ट कंपनीने घेतलंय आणि आयकॉन पासवर (एकाच पासात बरेच डोंगर) आहे, त्यामुळे तिथली गर्दी वाढती आहे, बाकीची चार अजून निवांत.

आता जे कोणी सांगत नाही ते. डेन्व्हरला तुम्हाला ऊन आहे. बर्फ पडतो, दुसऱ्या दिवशी निळं आकाश. इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आभाळ म्हणजे राखेचं झाकण, डिसेंबरात दुपारी चारला अंधार. मी कोल्हापूरची आहे, मला पहिल्या हिवाळ्यात काय होतंय तेच कळेना, नुसतं झोपावंसं वाटायचं, पोळ्या लाटताना रडू यायचं. डॉक्टरने ड जीवनसत्त्व आणि सकाळी अर्धा तास लाइट बॉक्स सांगितला, त्याने फरक पडला, आणि खरा फरक पडला तो मी स्वतः स्की शिकले तेव्हा. कारण कधीकधी डोंगर ढगांच्या वर असतो आणि ऊन तिथेच भेटतं. पण हे सगळं माहीत असून यायचं.

बर्फ इथला जड. तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, जानेवारीत पाऊस पडलेला पण बघितलाय. तुमचा कोरडा कोलोरॅडोचा बर्फ आठवून नवरा अजून उसासे टाकतो.

पैशाचं: वॉशिंग्टनमध्ये पगारावर स्टेट इन्कम टॅक्स नाही, सीमेपलीकडे आयडाहोत आहे. ग्रोसरी आहे पण छोटी, ताजा कढीपत्ता आणि गवार बेभरवशाची, महिन्यातून एकदा कोणीतरी सिअ‍ॅटलला जातं तेव्हा यादी फिरते. भारतात जायला सिअ‍ॅटल करूनच.

---

गप्प_बसवत_नाही

सगळ्यांचा अपमान करायचा नाहीये पण कोणीतरी हे बोलायला हवं.

बोझमन तुमच्या यादीत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी असाच धागा काढला असणार आणि कोणीतरी बोझमन म्हटलं असणार. आज तिथे घराची किंमत विचारा. ब्रिजर बोल अजूनही गावाचं, नॉन-प्रॉफिट, गावापासून १६ मैल, सगळं छान, पण तिथे काम करणारा लिफ्टवाला गावात राहू शकत नाही. आपण गर्दीतून पळतो म्हणजे आपल्या खिशातून थोडी गर्दी बरोबर नेतो.

दुसरं, तुमच्या वहीत अजून एक कॉलम टाका: त्या १९ पैकी शनिवार-रविवार किती? माझी पैज आहे १९ पैकी १९. मी डेन्व्हरलाच राहतो, वर्षाला १२ सुट्ट्या मंगळवार-बुधवारी टाकतो, सातला निघतो, नऊला लिफ्टवर, लाइन नाही. तेच डोंगर, तोच बोगदा.

तिसरं, पास बदला. गर्दी पासच्या मागे जाते. एपिक (हाही तसाच बऱ्याच डोंगरांचा पास) २००८ ला आला, आयकॉन २०१८ ला, आणि लोक एकदा पैसे भरले की ते वसूल करायला त्याच दहा ठिकाणी जातात. अरापाहो बेसिन २०१९ ला एपिकमधून बाहेर पडलं ते याच कारणाने, पार्किंग पुरेना, नंतर त्यांनी पासवर मर्यादा घातली. मोनार्क आजही कुठल्या मोठ्या कंपनीचं नाही, यूएस-२८५ ने जायचं, आय-७० ला हातच लावायचा नाही. लांब आहे, अडीच-तीन तास, पण ते अडीच तास गाडी चालत असते, उभी नसते. दक्षिणेला वुल्फ क्रीक, कोलोरॅडोत सगळ्यात जास्त बर्फ तिथे पडतो, पगोसा स्प्रिंग्जला एक खोली घ्या, दोन रात्री राहा. हिवाळ्यात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून विंटर पार्कला थेट रेल्वे जाते, पोरीला उलटी होणार नाही.

घर विकण्याच्या आधी हे एक सीझन करून बघा. फुकटात पडेल.

---

बटाटेवडा_आयडाहो

गप्प_बसवत_नाही, मुद्दा क्रमांक एक झोंबला कारण खरा आहे. मी पण २०१९ ला बाहेरूनच आलोय.

पण मंगळवारचं ज्याच्या पोरीची शाळा आहे त्याला कसं जमणार? पोरगी शिकायच्या वयात आहे, तिला दर शनिवारी तोच डोंगर, तोच मास्तर, तेच मित्र हवेत. बोगसला आठवड्याचे क्लास असतात, माझा मुलगा सहाव्या शनिवारी मला मागे टाकून गेला आणि वळून बघायचं सौजन्य सुद्धा दाखवलं नाही.

---

कूटनीकर

कॅनडाचं कोणी बोललं नाही म्हणून. आम्ही ब्रिटिश कोलंबियात कूटनी भागात राहतो, मी हॉस्पिटलमध्ये लॅबला आहे.

इकडे नकाशावर फर्नी, किकिंग हॉर्स, रेव्हलस्टोक, व्हाइटवॉटर, रेड असे डोंगर रांगेने आहेत, पावडर हायवे म्हणतात. रेव्हलस्टोकचा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उभा उतार १७१३ मीटर, उत्तर अमेरिकेत सगळ्यात मोठा, पहिल्या दिवशी अर्ध्यात माझ्या मांड्या संपल्या. पण रेव्हलस्टोक आता गाजलंय, भाडी आकाशाला. पुढे रॉजर्स पासला दर हिवाळ्यात कॅनडाची आर्मी खरोखरच्या तोफा घेऊन हिमस्खलन पाडायला बसते आणि तेवढा वेळ ट्रान्स-कॅनडा बंद, ट्रकवाल्यांबरोबर डबा खात बसायचं.

कमी गर्दी हवी तर नेल्सनचं व्हाइटवॉटर आणि रॉसलँडचं रेड. नेल्सन अकरा हजारांचं गाव, डोंगर अर्ध्या तासावर, बर्फ हलका. पण विमानतळ कॅसलगारचा, दरीत आहे, हिवाळ्यात ढग उतरला की विमान उतरत नाही, लोक त्याला कॅन्सलगार म्हणतात. माझी आई पुण्याहून तीन विमानं बदलून व्हँकुव्हरला आली आणि चौथं रद्द, मग मी आठ तास गाडी चालवून आणायला गेलो. हिवाळी टायर सक्तीचे आहेत, एक ऑक्टोबरपासून, त्यात हयगय चालत नाही.

मध्यम मार्ग म्हणजे केलोना. मोठं शहर, चांगला विमानतळ, बिग व्हाइट तासाभरावर (धुक्यामुळे लोक बिग व्हाइटआउट म्हणतात, इकडे सगळ्याला टोपणनावं आहेत), पलीकडे व्हर्ननजवळ सिल्व्हरस्टार. पंजाबी वस्ती जुनी त्यामुळे भाजीपाला, डाळी, सगळं मिळतं. घरं महाग, ऑगस्ट २०२३ ला वेस्ट केलोनात वणव्यात घरं जळली ते पण लक्षात ठेवा.

काकांनी पगाराचं सांगितलंच आहे. मी अजून एक सांगतो, इथे येणारा माणूस कामासाठी येऊन बर्फात पडलेला चालतो, बर्फासाठी येऊन काम शोधणारा फार लवकर परत जातो. नर्स, लॅब, सुतार, इलेक्ट्रिशियन यांना मागणी आहे. सॉफ्टवेअरवाल्याला व्हँकुव्हर नाहीतर रिमोट.

---

घसरगुंडी_पुणेकर

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

गप्प_बसवत_नाही, पैज जिंकलात. वही काढून बघितली, १९ पैकी १७ शनिवार-रविवार, एक थँक्सगिव्हिंगचा शुक्रवार आणि एक प्रेसिडेंट्स डेचा सोमवार. म्हणजे साधा कामाचा दिवस एकही नाही. बायको हसून हसून लोळली.

काका, वकिलाला ईमेल टाकली. उत्तर आलं की अमेंडमेंट होईल पण दोन-तीन महिने आधी सांगा, आणि पर्मचं बघावं लागेल. म्हणजे या सीझनला हलणं नाहीच. एका अर्थी बरं झालं.

निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. पोळ्यांच्या वाक्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, डेन्व्हरचं ऊन मी गृहीत धरलं होतं. तिचे दोन प्रश्न आहेत: स्पोकॅनला हिवाळ्यात सलग किती दिवस ऊन न दिसता जातात, आणि मुलं घराबाहेर खेळतात का?

माझा बोर्डवाल्यांसाठी प्रश्न: झाडांमधून उतरायचं तर इकडे ट्री वेलचं काय? कोलोरॅडोत त्याबद्दल एवढं ऐकलं नाही.

---

निशिगंधा_स्पोकॅन

सलग म्हणाल तर दहा-बारा दिवस अजिबात सूर्य नाही असं मी मोजलंय, एकदा. मुलं खेळतात, भरपूर खेळतात, उतारावर घसरगाड्या घेऊन अंधार पडेपर्यंत. अंधार चारला पडतो ही गोष्ट वेगळी. तिला म्हणावं, जानेवारीत येऊन आमच्याकडे चार दिवस राहा, एप्रिलमध्ये येऊन फसू नका. गेस्टरूम आहे.

---

वाळवंटी_मावळा

ट्री वेल हलक्यात घेऊ नको. सदाहरित झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो, वरून दिसत नाही. त्यात माणूस बहुतेक डोक्यावर पडतो आणि स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य, जितकी धडपड तितका बर्फ अंगावर. जड आणि खूप बर्फ पडणाऱ्या वायव्येत, म्हणजे श्वाइट्झर, व्हाइटफिश, माउंट बेकर, कूटनी, तिथे हा धोका आमच्यापेक्षा जास्त. बोर्डवाल्याचे दोन्ही पाय बांधलेले असतात त्यामुळे अजून वाईट. जोडीदार नजरेच्या टप्प्यात, नुसता लिफ्टखाली भेटू असं नाही. गळ्यात शिट्टी. झाडात जाताना झाडाकडे नाही, झाडांमधल्या फटीकडे बघायचं, जिकडे नजर तिकडे बोर्ड.

---

कूटनीकर

+१. आमच्याकडे शिट्टी मुलांच्या जॅकेटच्या चेनला शिवूनच टाकतात.

---

बटाटेवडा_आयडाहो

मग ठरलं काय?

---

घसरगुंडी_पुणेकर

असं ठरलंय. हा सीझन डेन्व्हरलाच. मोठा पास रिन्यू नाही केला, मोनार्कचा घेतला, आणि पाच मंगळवार सुट्टी टाकली आहे (मॅनेजरला डेंटिस्ट सांगितलं नाही, खरं सांगितलं, तोही येतो म्हणाला, ही नवीन अडचण). पोरीला रेल्वेने विंटर पार्क, दोनदा.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निशिगंधाताईंकडे चार दिवस, तिथून गाडीने बॉइझी, चार दिवस. बटाटेवडा, बुधवारी रात्री बोगसला भेटू, तुझ्या वरणभाताचं लक्षात आहे. दोन्हीकडे मी लिफ्टची लाइन मोजणार, बायको सूर्य मोजणार. तिने आत्ताच नवीन वही आणली आहे आणि पहिल्या पानावर दोन कॉलम आखलेत, माझी वही तिला विश्वासार्ह वाटत नाही म्हणे.

ताई, येताना डेन्व्हरहून काय आणू? कढीपत्ता विमानात चालतो ना?

---

निशिगंधा_स्पोकॅन

देशातल्या देशात आहे, चालतो. दोन जुड्या. आणि गवार दिसली तर ती पण.